टेकडीवरचा त्रेमोसू

५ जुलै १९३१

बायकांनी लिहिलं की दूध नासतं, असं बेलमिरो म्हणतो. हसत म्हणतो, म्हणून मीही हसत लिहायला बसले. घरात बोलायला दोन माणसं आहेत. त्यातलं एक, म्हणजे बेलमिरो, दिवसभर शेळ्यांमागे असतं. दुसरं म्हणजे त्याची आई उंबेलिना. त्या बोलतात भरपूर, पण ऐकायचं काम त्यांनी माझ्याकडे दिलंय.

ईस्टरपासून पावसाचा थेंब नाही. नेवाडात आलो तेव्हा सगळे म्हणाले होते, सेजच्या झुडपांत शेळी जगते. जगते, पण यंदा झुडपंच करडी पडलीत आणि त्यांच्यामधलं गवत पायाखाली कुरकुरतं. सकाळी बेलमिरो शेळ्या घेऊन घरामागच्या टेकडीवर चढला आणि वरून ओरडला, "लिंदा, आईला घेऊन ये."

आम्ही गेलो. पलीकडचा सगळा उतार निळा. खाली शेंगा धरलेल्या, वर अजून फुलं. सासूबाईंचे गुडघे दुखतात म्हणून त्या रोज देवापुढेसुद्धा खुर्चीवर बसून जप करतात, पण तिथं मातीत बसल्या. एक पान खुडलं, हुंगलं आणि रडायला लागल्या.

"अगं, हा तर आपला त्रेमोसू."

समुद्रापलीकडच्या आमच्या साव जॉर्ज बेटावर त्रेमोसू नाही असं शेत नाही. मक्याआधी पेरायचा आणि हिरवा असतानाच नांगरून टाकायचा, जमीन लोण्यासारखी होते. बिया पोत्यात भरून समुद्रात खडकाला बांधून ठेवायच्या. कडूपणा पाण्यात गेला की मीठ लावून खायच्या. इथला बुटका आहे आणि बेटावर पांढराही असतो, पण पान तेच, शेंग तीच.

"इथं कुणी पेरला?" बेलमिरोने विचारलं.

"आपण येणार हे ज्याला ठाऊक होतं त्याने," सासूबाई म्हणाल्या. एरवी मी काहीतरी उलट बोलले असते. आज मीही एक पान खुडून हुंगलं.

९ जुलै

ओर्फा हॅस्किन्स येऊन गेली. खालच्या खोऱ्यात त्यांचं ओलिताचं शेत आहे. मैलोन्‌मैल तीच एक शेजारीण. तिची भाषा मला आता बरीच कळते, सासूबाईंना अजिबात नाही, आणि तरी त्यांना तिचं सगळं चुकीचं वाटतं.

शेळ्या टेकडीवर बघून ओर्फा म्हणाली, "त्या निळ्यात घातल्यात? आमचा सासरा तिथं कुंपण घालायचा."

"का?"

"कोण जाणे. एका शरदात मेंढ्या मेल्या होत्या म्हणे. त्याला विचारायची हिंमत कुणाची होती?"

मी बेलमिरोला सांगितलं. तो म्हणाला, "मेंढ्या कशानेही मरतात. त्यांना मरायला कारण लागत नाही." सासूबाई तर रागावल्याच. ज्या झाडाने आपली जमीन पोसली ते आपल्या जनावराला मारील होय? आणि खरंच, बाकी हिरवं आहे कुठे? ते नाही खायचं तर शेळ्यांनी दगड खायचे?

२३ जुलै

पाळी चुकली. कुणाला सांगितलेलं नाही.

पहिलं कॅलिफोर्नियात गेलं. मी दुसऱ्याच्या गोठ्यात गाईंची धार काढत होते शेवटच्या दिवसापर्यंत, आणि मुलगा जन्मला तो मेलेलाच. पुढच्याच महिन्यात बेलमिरो म्हणाला, आपण आपल्या शेळ्या घेऊ, कुठेही, पण आपल्या. म्हणून तर या धुळीत आलो. हे मूल जगलं नाही तर आम्ही इथे का आलो याला काही अर्थच उरत नाही.

२ ऑगस्ट

सांगावंच लागलं. काही पोटात राहत नाही. मक्याची भाकरी, कोबीचं सूप, सगळं उलटून पडतं. फक्त शेळीचं दूध राहतं. बेलमिरो सकाळी धार काढून वाटी हातात देतो आणि मी संपवेपर्यंत समोरून हलत नाही. असा माझ्याकडे तो लग्नातही बघत नव्हता.

दूध थोडं कडवट लागतं. सासूबाई म्हणतात, "त्रेमोसू खाल्ला की कडू लागणारच. कडू दूध कसदार असतं. बेटावर आम्ही बाळंतिणींना तेच द्यायचो." द्यायच्या की नाही देव जाणे, माझ्या आईकडे तर असं काही नव्हतं. पण आजकाल त्या माझ्याशी गोड बोलतात, तर मी कशाला वाद घालू? दुपारी आणि संध्याकाळीही एकेक वाटी सुरू केलीय.

९ ऑगस्ट, रविवार

गोड बोलण्याचं कारण कळलं. कोठीची किल्ली.

पोटुशी बाईने कमरेला किल्ली बांधू नये, बाळाला व्यंग येतं, ओठ फाटतो. त्यांच्या गल्लीतल्या कुणा बाईचं असं झालं होतं. "आण इकडे, मी सांभाळते नऊ महिने."

"नऊ महिन्यांनी परत द्याल?" मी विचारलं.

बेलमिरो ताटात बघून हसला. मी किल्ली काही दिली नाही. कॉफी आणि साखर त्यांच्या हातात गेली की महिनाभराचं आठवड्यात संपतं. शिवाय किल्ली देऊन बाळं नीट होत असती तर माझ्या आईला, जिच्याकडे कुलूपच नव्हतं, एकाही बाळंतपणात त्रास झाला नसता.

३० ऑगस्ट

सासूबाईंनी टेकडीवरच्या शेंगा सोलून ओटीभर बिया आणल्या होत्या. समुद्र नाही, म्हणून पोतं ओढ्यात दगडाखाली ठेवलं होतं. ओढ्यात पाणी ते केवढं. आज काढून मीठ लावलं. तिघांनीही थुंकलं. इतकं कडू की डोळ्यांत पाणी आलं. सासूबाई म्हणाल्या, दोष बियांचा नाही, इथल्या पाण्याचा आहे.

गावातल्या खानावळवाल्याने चीज परत पाठवलंय, कडू लागतं म्हणून. त्याला आमच्या बेटाची चव कुठून कळणार?

१७ सप्टेंबर

एक शेळी मेली. थरथरत होती, तोंडाला फेस. बेलमिरो म्हणतो, साप. पायाला कुठे दात लागलेला दिसला नाही, पण केसांत दिसत नसेल.

मांका, आमची लंगडी शेळी, मात्र अंगणात मजेत आहे. तिचा मागचा पाय जूनमध्ये मोडला, तेव्हापासून टेकडी चढवत नाही. ओर्फाने दिलेला वाळलेला लसूणघास बसल्या जागी खाते आणि मला शिव्या देते. बेलमिरो तिला कापणार होता, मी कापू दिली नाही. बोकड सगळ्यांबरोबर तिलाही लागलाय, तेव्हा गाभण आहेच.

माझं ओकणं थांबलं. दूध तरीही तीन वाट्या. ओर्फा मला लिंडी म्हणते. म्हणाली, "लिंडी, तुझे गाल बघ कसे भरलेत." तिने आणलेला आटवलेल्या दुधाचा डबा मी फडताळात ठेवून दिला. डब्यातलं दूध पिऊन का कुणाचं बाळ बाळसं धरतं?

२० डिसेंबर

पहिली शेळी व्याली. दोन करडं. पुढचे पाय गुडघ्यात दुमडलेले, आणि ओढले तरी सरळ होत नव्हते. एकाचा कणा वाकडा. दोन्ही जिवंत होती, ओरडत होती, आईच्या कासेपर्यंत सरकायला बघत होती. शेळी त्यांना चाटत होती, जणू सगळं ठीक आहे.

बेलमिरो त्यांना गोठ्यामागे घेऊन गेला. हातोडा घेऊन गेला. मी खिडकीत होते.

सासूबाईंनी मला मागे ओढलं. "बघितलंस? पोटुशीने असलं बघायचं नसतं. मूर्ख बाई, किती वेळा सांगायचं?"

त्यांनी असलं बघायचं नसतं हे याआधी एकदाही सांगितलं नव्हतं. किल्लीचंच सांगितलं होतं. पण मी बघितलं, हे खरं.

२८ डिसेंबर

आणखी तीन शेळ्या. सगळी करडं तशीच. एकाची टाळू फाटलेली, दूध नाकातून बाहेर येत होतं. नाताळ कसा गेला ते लिहीत नाही.

६ जानेवारी १९३२

ओर्फा नवऱ्याला घेऊन आली. तो बोकडाभोवती फिरला, दात बघितले, आणि म्हणाला, बोकड याच शेळ्यांच्या रक्तातला आहे. एकाच घरातली सोयरीक झाली की असं होतं. बेलमिरोने मान डोलावली. त्याला कुठलं तरी नाव हवंच होतं या गोष्टीला. बोकड आज कापला. मांस कुणी खाल्लं नाही, कुत्र्याला टाकलं.

सासूबाई मात्र माझ्याकडे बघतात. जेवताना, कपडे वाळत घालताना. आधी पोटाकडे, मग कमरेच्या किल्लीकडे.

१४ जानेवारी

मांका व्याली. एकच करडू, काळं, आणि काय सांगू, उभंच राहिलं. चार पायांवर. पडलं, पुन्हा उभं राहिलं. मी त्याला कवळून गोठ्यात बसूनच रडले. लंगड्या आईला देवाने धडधाकट दिलं, त्याला दया आली असणार.

रात्रीच्या जेवणाला मी बेलमिरोला म्हणाले, "पण बोकड तर तोच ना रे?"

त्याने चमचा खाली ठेवला. "झालं एखादं नीट. आता बोकड मेला. तो परत उकरून काढू नकोस."

मी ताटं उचलली. बोकडाचा दोष नसेल तर मग कुणाचा, हे त्याच्या आईला विचारायची संधी मला द्यायची नव्हती.

३१ जानेवारी

बाळ शांत आहे. पहिला मुलगा पोटात अक्षरशः लाथा मारायचा, मला झोप नसायची. हे कधीमधी कूस बदलल्यासारखं करतं आणि गप्प. मी ओर्फाला विचारलं. तिने माझ्या पोटावर हात ठेवून बघितलं आणि म्हणाली, "काही बाळं आळशी असतात." सासूबाई म्हणतात मुलगी असेल, मुली गप्प असतात. यांची मुलगी असती तर गप्प असती का, हा विचार मनात आला आणि हसू आलं. कितीतरी दिवसांनी.

शहाणं आहे माझं बाळ. आईला त्रास देत नाही.

२१ फेब्रुवारी

भीती वाटते. कशाची ते लिहिणार नाही.

२६ मार्च

बसता येतंय, तर लिहिते.

मंगळवारी कळा सुरू झाल्या. ओर्फा आली. सासूबाई आणि ती एकमेकींचं एक अक्षर न कळता दिवसभर एकत्र राबल्या. मूल बाहेर आलं आणि रडलं. रडलं, हे ऐकून मी डोळे मिटले. बेटावरच्या सगळ्या संतांचे आभार मानले, एकेकाचं नाव घेऊन. मग डोळे उघडले. ओर्फा माझ्याकडे पाठ करून उभी होती.

"काय आहे?" मी विचारलं.

"मुलगी," ओर्फा म्हणाली.

"दाखव."

सासूबाईंनी तिला आधीच कापडात गुंडाळलं होतं, घट्ट, खांद्यापासून. मी कापड सोडलं. दोन्ही हात कोपरात दुमडलेले, मनगटं आत वळलेली, बोटं मुठीत. मी एक हात हळूच सरळ करायला बघितला. होत नव्हता. तेवढं मी डिसेंबरात पाहिलेलं होतं, पुन्हा ओढून बघायची गरज नव्हती.

चेहरा मात्र सुरेख. टाळू अखंड. मी बोट घालून बघितलं.

सासूबाईंनी पाण्याने तिच्या कपाळावर क्रूस काढला आणि तिला अल्दिना नाव दिलं, त्यांच्या मेलेल्या बहिणीचं. मग माझ्या कानाशी आल्या. आवाजात राग नव्हता, तेच वाईट होतं. "पाजू नकोस, पोरी. लळा लागायच्या आत जाऊ दे. आपोआप जाईल."

दाराबाहेर बेलमिरो होता. ओर्फाने त्याला सांगितलं असणार, कारण त्याची पावलं गोठ्याकडे गेली. मी ऐकलं. हातोडा गोठ्यातच असतो. मी ओर्फाला म्हटलं, दाराला खुर्ची लाव. ती माझ्याकडे बघत राहिली. मी ओरडले तेव्हा तिने लावली. मी मुलीला छातीशी धरलं आणि ती प्यायला लागली, जोरात, भुकेल्यासारखी.

बेलमिरो परत आला. दार ढकललं, खुर्ची सरकली. हात रिकामे होते, गोठ्यात जाऊन तोंड धुतलं होतं बहुतेक, केस ओले होते.

"खुर्ची कशाला?" त्याने विचारलं.

मी मुलीला आणखी घट्ट धरलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग खुर्चीकडे, आणि त्याला कळलं.

"लिंदा, मला तू काय समजतेस?"

मग तो खाली बसला आणि मुलीच्या मुठीत आपलं बोट घालायला बघू लागला. बोटं उघडेनात. तो खूप वेळ बघत होता. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. त्याला मी काय समजले होते ते मी त्याला कधी सांगणार नाही, आणि त्याला ते माहीत आहे.

१० एप्रिल

किल्ली मी स्वतः काढून सासूबाईंच्या हातात दिली. त्यांनी ती खिशात टाकली. आधीसारखा त्यांनी टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं. रोज सकाळी त्या कोमट तेलाने अल्दिनाचे हात चोळतात, तास तासभर, आणि जप करतात. पाजू नकोस म्हणणाऱ्या त्या, आता ती शिंकली तरी माझ्यावर ओरडतात.

१२ जून १९३२

पाऊस. मे महिन्यात पडला, जूनमध्ये पडला. टेकडीवर कमरेएवढं गवत, त्रेमोसू त्यात शोधावा लागतो आणि शेळ्या त्याला तोंडही लावत नाहीत. नवा बोकड आणलाय, लांबच्या गावाहून, परक्या रक्ताचा. चीज गोड होतं. खानावळवाला पुन्हा घ्यायला लागला.

अल्दिना हसते. अंगठा तोंडात घालता येत नाही म्हणून मनगट चोखते.

८ जानेवारी १९३३

सगळ्या शेळ्या व्याल्या. सगळी करडं सरळ. सगळी. बेलमिरो एकेकाला उचलून आणून दाखवत होता, माझ्यासमोर, आईसमोर, अगदी अल्दिनासमोर. "बघ, मी म्हणत नव्हतो? बोकडच होता तो."

सासूबाई पुटपुटल्या, "बोकड असेल तर बोकड." मग उठल्या, कोठीचं कुलूप काढलं आणि मला साखर घातलेली कॉफी दिली. त्यांच्याकडून याहून जास्त माफी मिळणार नाही. पण मला पुरली. म्हणजे किल्ली नव्हती, खिडकीतून बघणं नव्हतं. मी काही केलं नव्हतं. वर्षभर छातीवर ठेवलेला धोंडा कुणीतरी उतरवला.

पण बोकडाचा आणि अल्दिनाचा काय संबंध, हे मी कुणाला विचारलं नाही. संकटं एकत्र येतात, तशी आली असतील.

२ जुलै १९३३

यंदा पुन्हा कोरडं. पावसाने पाठ फिरवलीय आणि गवत मे महिन्यातच जळून गेलं. टेकडी तेवढी निळी. शेळ्या सकाळी सोडल्या की सरळ तिकडेच पळतात.

आणि मला पुन्हा दिवस गेलेत. यावेळी लपवलं नाही, त्याच दिवशी सांगितलं. बेलमिरोने अल्दिनाला खांद्यावर घेऊन अंगणात दोन फेऱ्या मारल्या. ती आता चालते. दोन्ही मनगटांत पेला धरून स्वतः पिते, सांडते, आणि कुणी मदतीला गेलं की चावते. तोंडाने आमच्या सगळ्यांना पुरून उरेल अशी आहे. तिला भाऊ हवा. तिच्यासाठी धावणारा, झाडावर चढून तिला फळं काढून देणारा. मी देवाजवळ दुसरं काही मागत नाही, दोन सरळ हात माग एवढंच पोटातल्याला सांगते.

ओकणं सुरू झालंय, मागच्यासारखंच. आणि मागच्यासारखंच, दूध तेवढं राहतं.

१६ जुलै, रविवार

ओर्फाचा नवरा आला होता. त्याच्या शेतावर घासाची कापणी आहे, माणूस मिळत नाही. म्हणाला, सगळेच खाली या, शरदापर्यंत राहा. गड्यांची खोली रिकामी आहे, शेळ्याही आणा, माझ्या घासात चरू देत.

बेलमिरोला जायचंय, मला दिसलं. खाली सावली आहे, पाणी आहे, ओर्फा आहे. तरी तो म्हणाला, "तुझं तू ठरव. तुला आता सांभाळायला हवं."

मी दिवसभर विचार केला. दुसऱ्याच्या शेतात एकदा मी पोटुशी राहिले, तिथून काय घेऊन आले ते आम्हाला दोघांनाच माहीत आहे. त्याचा घास परका, त्याचं पाणी परकं, शेळ्या नव्या जागी दूध चोरतात, आणि माझ्या पोटात दुसरं काही राहत नाही. इथं आपली टेकडी आहे. सगळं जळालं तरी ती हिरवी राहिली. मला तेवढा विश्वास कशावर ठेवावासा वाटतो तर तिच्यावर. सासूबाईही म्हणाल्या, पहिल्यांदाच माझ्या बाजूने, "ती बरोबर बोलतेय."

संध्याकाळी बेलमिरो धार काढून आला. वाटी माझ्या हातात दिली आणि नेहमीसारखा समोर उभा राहिला.

"मग उद्या त्याला काय सांगू?"

मी दूध संपवलं, तोंड पुसलं आणि वाटी त्याला परत दिली.

"सांग, आम्ही इथंच बरे आहोत."